तांब्याची जाळी

उजनी धरणाच्या पाण्यात सोडलेल्या मोटारीच्या पाइपच्या तोंडावरच्या जाळीला शिंपले असे चिकटले होते, की खरवडल्याशिवाय निघेनात. तांब्याच्या जाळीला ते धरत नाहीत. पण ती आणायचं शहरात नोकरीला असलेल्या दिग्विजयकडून दर खेपेला राहून जात होतं. म्हणून त्याचा बाप कोंडीबा पटाशी घेऊन पाण्यात उतरला. मोटार सुरू झाली तर जाळी माणसालाही ओढून धरते. काठावर बजाबाईच्या एका हातात नवऱ्याच्या कमरेचा दोर होता, दुसऱ्या मुठीत पदराचं टोक.

तेवढ्यात शेजारच्या मोटारी घरघरायला लागल्या. लाईट आली होती. पाठोपाठ फोन वाजला. बजाबाईनं दोर मनगटाला गुंडाळून फोन कानाला लावला.

"आई, हितनं ऑफिसातनं मोबाईलवर मोटार चालू करतोय. तीनदा दाबलं, चालूच होईना. परत दाबू?"

तिनं दोर जोरात ओढला.

कोंडीबा धापा टाकत वर आला. मोटारींचा आवाज ऐकून तो ओरडला, "फ्यूज काढायचं इसरलो की गं!"

तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. तिन्ही फ्यूज आत होते.

मग ती फोनवर म्हणाली, "उंदरानं वायर कुरतडली आसंल रं. शनवारी येताना ती तांब्याची जाळी तेवढी घिऊन ये."