दोरीवरची अक्षरं

जुईच्या वहीत एक अक्षर वर चढलेलं, दुसरं खाली घसरलेलं. आठवडाभर गिरवून घेऊन सामंतबाईही थकल्या होत्या, आणि आज तर पोरगी पेन्सिल हातात धरायलाच तयार नव्हती.

बाईंनी खिडकीतून समोरच्या गच्चीतलं धुणं दाखवलं.

"आई कपडे कशावर वाळत घालते गं?"

"दोरीवर."

"मग तूही आधी रेघेची दोरी बांध. अक्षरं तिच्यावर वाळत घाल."

जुईने जरा विचार केला आणि पेन्सिल उचलली.

दुसऱ्या दिवशी तिने ऐटीत वही पुढे केली. सगळी अक्षरं रेघेला सरळ लटकत होती! फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर दोन-दोन चिमुकल्या उभ्या काड्या होत्या. बाईंनी हसत खोडरबर उचललं.

"बाई, चिमटे नका ना काढू," जुई कळवळून म्हणाली, "बाहेर किती वारा सुटलाय!"