मालकाचं ताट

संपाच्या वर्षी काळाचौकीच्या गणपतीत गिरणीकामगारांनी नाटक बसवलं, त्यात कुशाबाच्या वाट्याला मालकाचं काम आलं. तालमीत त्याच्यापुढे रिकामं ताट असायचं. प्रयोगाला मात्र दिग्दर्शक गुणाजीने मदत म्हणून आलेल्या तांदळाचा वाफाळता भात वाढला. "मालकाचं ताट रिकामं शोभतं काय?" कालपासून पोटात कावळे ओरडत होते, तरी कुशाबाने "हे कुत्र्याला घाला" म्हणत ठरल्याप्रमाणे ताट लाथाडलं. टाळ्याशिट्ट्यांत पडदा पडला. मालकाच्या कोटातच तो गुडघ्यांवर बसला आणि पाय लागलेल्या अन्नाला नमस्कार करून भात ताटात गोळा करू लागला. बाहेर 'वन्समोअर'चा गजर झाला, तसा पडद्याच्या दोरीवरच्या जगनने सवयीने पडदा वर ओढला. मालक भात वेचताना सगळ्या चाळीने पाहिला. "पडदो पाड रे, जगन्या," मांडवातून कुणीतरी म्हणालं. पण दोरी बांधून जगनही कुशाबाशेजारी भात वेचत होता.