लाभ, दोन, तीन

हे लिहिणारच नव्हतो. एवढ्याशा गोष्टीत लिहायचं काय, असं वाटत होतं. पण तीन दिवस झाले, वकीलसाहेबांचे अर्ज टाइप करताना बोटं अडतायत. म्हणून हे एकदाचं काढून टाकतो.

परशुराम माझा दोस्त. अळणावरचा. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागं मराठी शाळेत बिगरीच्या पोरांना शिकवतो. टेंपरवारी. बुधवारी शाळा तपासायला दिपोटीसाहेब यायचे होते. ते बरं म्हणाले तर कायम, नाहीतर परत अळणावरला, लाकडाच्या डेपोत ओंडक्यांवर नंबर घालायला. त्याच्याकडं कोट नव्हता, म्हणून माझा घेऊन गेलो. तो कसाबसा अंगात घालतोय तोवर साहेब आलेच. मी आपला बाहेर खिडकीशी थांबलो.

पोरं शब्दातली अक्षरं मोजायला शिकत होती. परश्याची रीत सोपी. प्रत्येकापुढं मूठभर चिंचोके आणि एक करवंटी. शब्द तोडून म्हणायचा आणि एका अक्षराला एक चिंचोका करवंटीत टाकायचा.

मुकुंदराव दिपोटी खुर्चीत बसले. मांडीवर वही. "हं मास्तर, होऊ द्या."

"पोरांनो, कोथिंबीर!"

"को-थिं-बी-र." टक, टक, टक, टक. "लाभ, दोन, तीन, चार!"

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणायलेत ही?"

परश्यानं कोटाचं बटण घट्ट धरलं. "चार म्हणायलेत साहेब. बरोबर आहे."

"चार ऐकलं हो. सुरुवातीला काय म्हणाली?" त्यांनी पहिल्या रांगेतल्या पहिल्या मुलीकडं बोट केलं. "तू सांग. 'मी'. 'मी'मध्ये अक्षरं किती?"

ती शेवंता. नागोजी मापाड्याची. नागोजी बाजारात जोंधळा मापतो. इकडं मापाडी कानडी असो की मराठी, पहिलं माप टाकताना कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. शेवंता तेच घरनं घेऊन आली आणि आठ दिवसांत सगळ्या बिगरीला लावलं. परश्यानं समजावून बघितलं, रागावून बघितलं, शेवटी नाद सोडला.

शेवंतानं एकच चिंचोका टाकला. "लाभ."

"किती?"

"लाभ, साहेब."

"एक म्हण."

शेवंतानं तोंड गच्च मिटलं. मागं कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी वही उघडली, पेन्सिल काढली. परश्याच्या मानेवरनं घाम माझ्या कोटाच्या कॉलरमध्ये उतरताना मला दिसत होता.

"शेवंता, म्हण बाळ. एकदाच म्हण."

"नको गुर्जी."

"अगं, एक म्हटलं तर काय होतंय?" साहेबांनी विचारलं.

"रास आटती. अप्पा सांगतो."

"इथं कुठनं आली रास? चिंचोके आहेत की हे."

"चिंचोक्यांचं न्हाई वो." तिनं परश्याकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. तरी खिडकीपर्यंत ऐकू आला. "आज आमच्या गुर्जींची परीक्षा हाय. उद्या म्हणीन की. उद्या पाहिजे तेवढ्या बारी एक म्हणीन."

परश्या कोटाच्या बाहीकडं बघायला लागला. बाही मनगटाच्या चार बोटं वरच होती.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बरं, माझं नाव माहीत आहे काय रे कुणाला? मुकुंदराव. होऊ द्या."

पोरं वाटच बघत होती. "मु-कुं-द-रा-व! लाभ, दोन, तीन, चार, पाच!" चिंचोके इतक्या जोरात पडले की दोन करवंट्या उलटल्या. पोरं चिंचोक्यांमागं थेट साहेबांच्या खुर्चीखाली शिरली.

ती जागेवर आल्यावर साहेब पट मोजायला उठले. पेन्सिलीनं एकेका डोक्यावर खूण करत, तोंडातल्या तोंडात. मी खिडकीशी, परश्या फळ्याशी, पण बघितलं दोघांनीही. 'एक' म्हणताना ओठ मिटत नाहीत. पहिल्या डोक्यावर साहेबांचे मिटले.

पहिलं डोकं शेवंताचं होतं.

"एकतीस," ते मोठ्यानं म्हणाले, वहीत काहीतरी लिहिलं आणि दारात वळले. "जूनपासून कायम धरा, मास्तर. कोट तेवढा मापाचा शिवून घ्या."

संध्याकाळी परश्यानं चहा पाजला. कोट परत दिला. खिशात दोन चिंचोके निघाले.

"सारखं टाइप करत असतोस," तो म्हणाला. "हे कर की."

"करीन. पण फार नाही व्हायचं रे. एक पान होईल."

"एक म्हणू नकोस!"

शेवंतासारखंच म्हणाला. मग दोघंही हसत सुटलो, चहावाला बघायला लागला.

तर पान झालं. वरच्या कोपऱ्यात आकडा घालायचा राहिलाय. तिथं काय टाइप करायचं, ते मी परश्याला कबूल केलंय.