विसराचं पाणी

नोराची लेक मोयरा कॅथलिक, आणि तिचा जीव जडला प्रोटेस्टंट एलायवर. न्यूफाउंडलंडच्या त्या कोळीगावात हे कुणालाच चालणारं नव्हतं. शेवटी नोराने तिला टेकडीवरच्या म्हातारीकडे नेलं. तिच्या हातचं पाणी प्यालं, की सांगाल ते माणूस मनातून पुसलं जाई.

"पोरीची तयारी आहे का?" म्हातारीने विचारलं.

"तिला काय विचारता? पाजा तुम्ही," नोरा म्हणाली.

मोयरा रडत रडत प्याली. परतताना धक्क्यावर एलायने हाक मारली, तर तिने विचारलं, "आई, हा कोण गं?" नोराने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

दोन महिन्यांनी मोयरा घाबरून आईच्या कुशीत शिरली. "मला कुणी हातसुद्धा लावला नाही गं. मग माझ्या पोटात हे कुणाचं वाढतंय?"