एक चौकट, दोन जागा

फणसाला टेकवलेल्या चौकटीवर वाळवीची मातकट रेघ चार बोटं चढली होती. आठ दिवसांपूर्वी ती नव्हती.

केरू गवंड्याने ती थापीने खरवडली. "काकू, चौकट एक हाय नि जागा दोन. कुठली बुजवू ते सांगा, नायतर वाळवीच राहायला येईल."

विमलबाई पडवीत भिजवलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मान हलवली, पण कशाला ते केरूला कळलं नाही.

परसातली खोली दहा बाय बाराची. ओटा आणि मोरी आतच. रोह्याच्या या टोकाला आता घराघरामागे अशी एक खोली उभी राहत होती. कंपन्यांत येणारी माणसं वाढली होती, जमीन तेवढीच होती. केरूने भिंती खांद्यापर्यंत आणल्या होत्या आणि दारासाठी दोन ठिकाणी तीन-तीन फूट मोकळे सोडले होते. एक अंगणाकडे, एक मागच्या रस्त्याकडे.

"एवढा विचार कसला, आई?" हितेश म्हणाला. "भाडेकरू ठेवायचा तर दार रस्त्याकडे. ताई राहणार असेल तर अंगणाकडे, म्हणजे येणं-जाणं आपल्या डोळ्यांसमोर. कंपनीतली दोन पोरं खोली बघून गेलीत, त्यांना काय सांगू?"

समीक्षा त्याची थोरली बहीण. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती माहेरी आली, त्याला तीन वर्षं झाली होती. कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची, माजघरात झोपायची. खोली मला द्या, असं ती कधी म्हणाली नव्हती.

साडेचारला ती पहिल्या शिफ्टहून आली. पडवीत चपला काढल्या.

"आज अर्धा तास उशीर, ताई?" हितेशने सहज विचारलं.

"फाटक पडलं होतं." ती आत निघाली, मग उंबऱ्यात थांबली. "मालगाडी होती. मी थेटच आले, कुठे थांबले नाय."

विमलबाईंचा हात वालात तसाच राहिला. समीक्षा अडतीस वर्षांची होती.

"केरू," त्या म्हणाल्या, "चौकट रस्त्याकडं बसव."

"सुटलो एकदाचे." हितेशने खिशातून मोबाइल काढला. "त्या पोरांना कळवतो."

"त्यांना नाय म्हणून कळव. खोली समीक्षाची हाय."