आप्पा सांगतील ते गाणं

हळद लावून घेताना प्रणालीचं सगळं लक्ष मांडवाच्या कोपऱ्यात, डीजे लावून बसलेल्या वडिलांकडे होतं.

नजर अधू झाल्यावर आप्पांना लॅपटॉपवरची गाण्यांची नावं वाचता येईनात. तेव्हा ते सेटच विकायला निघाले होते. मग प्रणालीनं त्यांना बोलून गाणं शोधता येईल असा प्रोग्राम बनवून दिला. पण आप्पांना नावं कुठली आठवायला! "मावश्या पदर खोचतात ते लाव," असंच ते सांगायचे. प्रणालीनं त्या प्रोग्रामला आप्पांची ही भाषा चिकाटीनं शिकवली.

आता आप्पा माइकपाशी वाकले. "जे ऐकून माझी लेक रडायची थांबायची, ते लाव."

प्रणाली दचकली. हे तिनं शिकवलंच नव्हतं! भरल्या मांडवात आप्पांची फजिती नको, म्हणून ती हळदीच्या अंगानं तशीच धावली. ती पोचायच्या आतच तिच्या लहानपणीचं बडबडगीत दणक्यात सुरू झालं.

"आप्पा, हे कुणी शिकवलं याला?"

"मीच," आप्पा म्हणाले. "उद्या तू सासरी गेलीस की मला लागणार आहे ते."