धुराड्याभोवतीची मोकळी जागा

चुलीचं नवं धुराडं माळ्यातून वर काढायचं ठरलं, आणि माळ्यावर झोपणाऱ्या दाजींनी फणसाच्या फळ्या कापायला साफ नकार दिला. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस. डॉक्टरांनी तळलेले मासे बंद केल्यापासून त्यांचा सगळ्यालाच नकार होता.

"दाजीनू, पायप तापतलो. भोवतीचा वीतभर लाकूड कापूकच व्हया," म्हणत मिस्त्रीनं एक फळी उचकटून दाखवली.

दाजींनी माळ्यावर पालथं पडून त्या फटीतून खाली बघितलं. खाली चूल, चुलीवर तवा आणि तव्यापाशी त्यांची सून भक्ती.

"वीतभर? आगीशी खेळ नको रे! चांगला हातभर काप."

"मगे खालसून पत्रो मारतंय."

"पत्रो नको. वारो खेळाक व्हयो."

सासरे एकाएकी एवढे समजूतदार झालेले बघून भक्तीनं देवापुढे नारळ ठेवला.

 

दुसऱ्या दिवशी ती उलथनं घ्यायला वळली, तेवढ्यात तव्यावरचा बांगडा गळाला लागून माळ्याकडे निघाला.